हरिणीच्या गिटारचे वेढे

९ जून, सोमवार

काम ठरलं की मी वही काढते. काम ठरलं आहे.

हरिणी ३ ऑगस्टला, तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, तिरुवैयारूच्या कावेरीतीर संगीत सभेत वाजवणार. म्हणजे समितीला पसंत पडलं तर. वाद्य इलेक्ट्रिक गिटार. राग आपलेच, गमकं आपलीच. फक्त तारा पोलादी, खाली वीज आणि आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतून.

सभेचे चिटणीस तुकोजीराव सकाळी कापी प्यायला आले होते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतले, वय चौऱ्याहत्तर.

"टीचर, तुमच्या नातीची बोटं चांगली आहेत. मी नाही म्हणत नाही. पण त्या पेटीतून येतं ते काय? म्हैस रवंथ करते तसं."

"पेटीतला आवाज बदलता येतो," मी म्हणाले. "बोटं बदलता येत नाहीत."

"सरी, ठीक आहे. २६ जुलैला समिती ऐकेल. आम्ही पाचजण. नाद पटला तर आडीला अर्धा तास. नाही पटला तर विजेचं वाद्य आमच्या मंचावर पुन्हा नाही. कुणाचंच."

माझा मुलगा कार्तिकेय वर्तमानपत्रामागून म्हणाला, "आणि मग अठरा ऑगस्टला होसूर." तिथल्या एका कंपनीचं नेमणूकपत्र हरिणीला आलं आहे. बापलेकीचा करार असा: सभेनं घेतलं तर एक वर्ष संगीताला, नाकारलं तर होसूर आणि गिटार बंद. हरिणीनं मान्य केलं. मी असते तर केलं नसतं, पण मला विचारलं नव्हतं.

मी वहीत देवनागरी लिहिते. घरात मराठी सगळे बोलतात, ही लिपी कुणालाच वाचता येत नाही. कुलूप लावायची गरज पडत नाही.

१२ जून, गुरुवार

गिटार उघडलं. आत काही गूढ नाही, बारावीचा धडा आहे. सहा लोहचुंबकं, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की खाली वीज उत्पन्न होते. याला पिकअप म्हणतात. मी तेहतीस वर्षं हेच फळ्यावर काढलं. त्यातून राग निघेल असं कधी मनात आलं नाही.

पिकअपचे मुख्य प्रकार दोन. एका कॉइलचा, त्याचा आवाज उघडा आणि लख्ख. पण ट्यूबलाइट, पंखा, जे काही जवळ असेल त्याची गुणगुण तो उचलतो. दुसरा दोन कॉइलींचा, उलटसुलट जोडलेला. त्यात गुणगुण मरते आणि आवाज जाड होतो. हरिणीच्या गिटारात जो आहे तो दोन कॉइलींचा, स्वस्तातला. मला तो गोधडीतून बोलल्यासारखा वाटतो.

"बाहेरून चांगला हंबकर मागवू या, आजी," हरिणी म्हणाली. हंबकर म्हणजे तो दोन कॉइलींचा.

"घरात वाइंडिंगचं दुकान असताना?"

हे गेल्यापासून दुकान त्यांचा जुना कारागीर मणी सांभाळतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या निम्म्या गावांच्या पंपांच्या मोटरी त्याच्या हाताखालून गेल्या आहेत. मी सांगितलं, एका कॉइलचा बनवायचा. नाद स्वच्छ हवा. मी बारा वर्षं वीणा शिकले, हरिणीला मीच शिकवली. वाद्याचा नाद कसा असावा हे शिकवणारा ठरवतो, शिकणारा वाजवतो. माझ्या गुरूंच्या घरी असंच होतं, आमच्याही घरी असंच आहे.

हरिणी म्हणाली, "बरं, आजी."

संध्याकाळी मागल्या दारी बसले. यंदा रातकिडे अजिबात नाहीत. शेतांत औषधं मारमारून संपवले असणार.

१६ जून, सोमवार

पहिली कॉइल वाया. वाया म्हणजे मणीच्या मते.

इंटरनेटवर बेचाळीस नंबरची तार लिहिली होती. मणीनं कपाटातून बेचाळीसची काढून दिली. तीन हजार वेढ्यांतच बॉबिन भरलं, तिथे तर आठ हजार सांगितले होते. मणी डोकं खाजवत राहिला, मग मीच शोधलं. अमेरिकेची बेचाळीस ती आपल्या दुकानातली शेहेचाळीस. तंजावूरच्या दुकानात नंबर इंग्रजी मापाचे, नव्वद वर्षांपासून. चूक माझी. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं एकक तपासलं नाही.

तरी कॉइल जोडून पाहिली. काय सांगू! स्वर असा उभा राहिला जणू पितळेची घंटा. गमकाचं प्रत्येक वळण वेगळं दिसत होतं. मी म्हटलं, हेच.

मणी म्हणाला, "टीचर अम्मा, कानात सुई गेल्यासारखं होतं."

मणी चाळीस वर्षं मोटरींच्या घरघरीत बसला आहे. त्याच्या कानांचं काय राहिलं असणार? तसं त्याला म्हटलंही.

हरिणी म्हणाली, "छान आहे, आजी," आणि पाणी प्यायला आत गेली. बराच वेळ पाणी पीत होती.

२१ जून, शनिवार

इतक्या कमी वेढ्यांनी आवाज बारीक येतो, पेटी पुरती वाढवावी लागते. म्हणून शेहेचाळीसची तार आणवली आणि नीट आठ हजार वेढे घेतले. तार बोटाच्या चिमटीतून सोडायची, जरा ताण पडला की तुटते. सात वेळा तुटली. मणीच्या जाड बोटांना जमेना, माझ्या बोटांना जमलं.

ऐकलं. मंद. दोन हजार वेढे काढले. बरं, पण अजून पडदा आहे. आणखी एक हजार काढले. आता पाच हजार आहेत, आणि आता बोलतंय.

प्रत्येक वेळी हरिणीला विचारलं. प्रत्येक वेळी "बरं, आजी". या मुलीला स्वतःचं मत नाही याची मला काळजी वाटते. शिवाय हल्ली ती पुटपुटते. दोनदा विचारल्याशिवाय वाक्य कळत नाही. मंचावर बसणाऱ्या माणसानं असं तोंडातल्या तोंडात बोलून चालत नाही. मी तसं सांगितलं.

२५ जून, बुधवार

गिटारावर दोन बटणं असतात. एक आवाज लहानमोठा करण्याचं, दुसरं टोनचं. ते मागे फिरवलं की वरचे सूर कापले जातात. हरिणीला वाईट सवय लागली आहे. मी स्वयंपाकघरात गेले की टोनचं बटण मागे फिरवते. परत आले की आवाज पुन्हा गोधडीत.

आज मी ते बटण पूर्ण पुढे नेऊन त्यावर इन्सुलेशनची काळी पट्टी गुंडाळली. तीन वेढे.

"आजी, हे काय?"

"शिस्त."

सून कविता दारात उभी राहून हसत होती. तिला म्हटलं, हसायला काय झालं? म्हणाली, "काही नाही, अम्मा. पूर्वी तुम्ही माझ्या मिक्सीवर पट्टी लावली होती ते आठवलं."

त्या वेळी मिक्सी खरंच फार ओरडायची. आताची बरीच शांत आहे.

२९ जून, रविवार

डाळ जळली. कविता कापडं आणायला गेली होती, कुकर माझ्यावर सोपवून. चार शिट्ट्यांनंतर बंद करा म्हणाली. मी तिथेच बसून वाचत होते. एकही शिट्टी झाली नाही, आणि एकदम वास आला.

"अय्यो अम्मा, मला कोपऱ्यावर ऐकू आल्या," ती म्हणाली.

"शेजारच्या कुकरच्या असतील."

नवी शिट्टी आणायला सांगितली आहे.

६ जुलै, रविवार

साईरामच्या नातवाचं कान टोचणं होतं. साईराम माझा चुलत दीर. हॉलमध्ये साठसत्तर माणसं. हरिणीला वीस मिनिटं वाजवायला बसवलं. सभेआधी लोकांसमोर एकदा व्हायला हवं.

स्वर लख्ख आले. पण लोकांची रीत बिघडली आहे. पहिल्या ओळीतल्या बायका पाच मिनिटांत उठून मागे गेल्या. म्हणे पंखा तिथे आहे. दोन लहान मुलांनी कानांवर हात ठेवले. तोवर त्यांचे कान टोचलेलेही नव्हते. सौम्या, साईरामची मुलगी, मोबाइल घेऊन बाहेर गेली ती शेवटपर्यंत आली नाही.

वडीलधारे मात्र बसून राहिले. साईराम म्हणाला, "वा वहिनी, किती स्पष्ट! हल्ली माइकवर काही कळत नाही, हे शब्दासारखं कळलं." त्याचे ऐंशीच्या घरातले मामाही मान डोलवत होते. नाद म्हणजे काय हे जुन्या माणसांना कळतं. तरुणांचे कान मोबाइलनं गेले.

परतताना गाडीत हरिणी काचेकडे तोंड करून बसली होती. काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. म्हणाली, "काही नाही."

८ जुलै, मंगळवार

आज तिनं गिटार खाली ठेवलं.

"मी या पिकअपवर सभेत वाजवणार नाही."

मला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं. रागावली की नीट बोलते.

"का?"

"टोचतं, आजी. पहिल्या दिवसापासून टोचतं. माझे दात शिवशिवतात. मणीअण्णाला विचार. अम्माला विचार, ती कानात कापूस घालून स्वयंपाक करते."

"कविता?"

कविता पदर चाचपत म्हणाली, "थोडासाच, अम्मा."

"मग महिनाभर 'बरं, आजी' कशाला म्हणत होतीस?"

"दुसरं काय म्हणायचं असतं?" हरिणी म्हणाली. "तू शिकवलंस काय म्हणायचं? नादाचं तू बघायचंस, मी वाजवायचं. मला फक्त 'बरं' येतं."

मी म्हटलं, आवडनिवड हा पुरावा नव्हे. तुझ्या कानाला टोचतं, माझ्या कानाला टोचत नाही. कुणाचा कान बरोबर ते मोजून ठरवू. उद्या दुपारी दुकान बंद असतं. सगळ्यांनी यायचं.

तेहतीस वर्षं मी मुलींना सांगत आले: म्हणू नका, मोजा.

९ जुलै, बुधवार

प्रयोग. वेळ दुपारी दीड. मोटरी बंद, पंखा बंद. हरिणीच्या मोबाइलमध्ये कुठल्याही कंपनाचा सूर काढता येतो. मोबाइल टेबलावर, आवाज एकच ठेवलेला. ज्याची पाळी त्यानं सहा फुटांवर पाठ करून बसायचं. सूर हळूहळू वर न्यायचा, ऐकू येईनासा झाला की "बास" म्हणायचं. प्रत्येकाचं तीनदा, सरासरी घ्यायची.

हरिणी: सेकंदाला १७,००० कंपनं.
कविता: १२,५००.
मणी: ६,०००. (चाळीस वर्षं मोटरींत बसून.)
मी: ३,४००.

मी म्हटलं, मोबाइल बिघडला आहे. कविताच्या मोबाइलवर पुन्हा केलं. ३,३००. मणी म्हणाला, टीचर अम्मा, उन्हानं होत असेल. मी त्याला म्हटलं, उन्हाचा काय संबंध? गप्प बस. तिसऱ्यांदा केलं. मी "बास" म्हटल्यावर वळून पाहिलं. कविता डोळे मिटून अजून ऐकत होती.

३,४००.

गिटारात जे टोचतं ते याच्या वर असतं. मी पडदा काढते आहे असं समजत होते, आणि वेढा वेढा सोडून तेच वाढवत होते.

हरिणीनं मोबाइल खिशात टाकला. मी फळीवरची धूळ पुसली, कुलूप लावलं, घरी आले.

१० जुलै, गुरुवार

कविताला विचारलं. रातकिडे आहेत.

१३ जुलै, रविवार

दोन दिवस वही उघडली नाही. काय लिहिणार होते? बहिरी म्हातारी महिनाभर सगळ्यांना नाद शिकवत होती. लिहिलं. पुरे.

आता तेरा दिवस उरले आहेत.

सकाळी हरिणीला दुकानात बोलावलं. बटणावरची पट्टी मी स्वतः काढली. चिकटली होती, रॉकेलनं पुसावी लागली.

"आजपासून कान तुझा, हात माझा. काय हवं ते सांग."

"बरं, आजी."

"ते नको! काय हवं ते सांग."

ती थोडा वेळ चुंबकं चाळवत बसली. मग बोलायला लागली आणि थांबेना. तिला दोन कॉइली हव्यात, पण तो स्वस्तातला गाळ नको. खालच्या तारेला अंग हवं, वरच्या तारेचा काठ गोल हवा, बोचरा नको. मींड घेताना स्वर तुटू नये, तुपासारखा ओघळावा. एक कॉइल जरा जास्त वेढ्यांची, एक कमी. म्हणजे थोडी धार शिल्लक राहील. हे सगळं तिच्या डोक्यात कधीपासून होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.

पाच हजार दोनशे आणि चार हजार आठशे धरून सुरुवात केली.

१७ जुलै, गुरुवार

चौथी जोडी. हरिणी ऐकते, नाक मुरडते, म्हणते: "शंभर काढ." मी शंभर काढते. मला फरक कळत नाही. तिला कळतो. मणी म्हणतो त्यालाही थोडा कळतो; त्याची ऐट मी सहन करते आहे.

"काल माझे कान गेले म्हणत होतात ना, टीचर अम्मा?"

"महिन्यापूर्वी म्हटलं होतं. तार सोड."

एक गोष्ट मात्र मला कळते. दोन्ही कॉइली उलट जोडल्या की ट्यूबलाइटची गुणगुण विझते. ती खालच्या सुरातली असते, तिथवर माझे कान शाबूत आहेत. जोडणी केली, दिवे लावले, पंखा लावला, आणि काही नाही. तेवढी परीक्षा मी घेतली आणि पास केली.

बाकी मला आता सगळं गोधडीतूनच ऐकू येतं. हरिणीला ते सांगितलं नाही. तिचा चेहरा वाजवताना सैल झाला आहे. महिनाभर तिचे खांदे इतके वर होते हे मी पाहिलंच नव्हतं.

२० जुलै, रविवार

पक्कं झालं. ५,१०० आणि ४,६५०. वेढे हलू नयेत म्हणून मेणात बुडवून काढलं.

संध्याकाळी डोक्यात आलं ते असं. समितीत पाचजण. तुकोजीराव चौऱ्याहत्तर, वेंकटराव एक्याऐंशी, उरलेले तिघे सत्तरीच्या पुढचे. साईरामच्या हॉलमध्ये कोण बसून राहिलं होतं? म्हातारे. "किती स्पष्ट" कुणी म्हटलं? म्हाताऱ्यांनी. म्हणजे हरिणीला हवा तो नाद समितीला गोधडीतलाच वाटणार. आणि माझा तो टोचणारा पिकअप त्यांना घंटेसारखा लख्ख.

मार्ग सोपा आहे. गिटारात दोन पिकअपची जागा असते, मध्ये बदलायची कळ. खाली माझा, वर तिचा. २६ तारखेला कळ खाली, पाच म्हातारे खूश. ३ ऑगस्टला कळ वर, लोक खूश.

हरिणी म्हणाली, "त्यांना एक ऐकवायचं आणि मंचावर दुसरंच वाजवायचं?"

"ज्याला जे ऐकू येतं ते त्याला ऐकवायचं. यात खोटं काय आहे?"

"माहीत नाही. पण नको वाटतं."

"होसूर नको वाटतं का?"

मी दोन्ही पिकअप बसवले आणि कळ खाली करून ठेवली.

२६ जुलै, शनिवार

सविस्तर लिहिते.

तुकोजीरावांचं तिरुवैयारूचं दुसरं, वडिलार्जित घर, नदीकडची खोली. पाचजण पाटांवर ओळीनं. आत त्यांची सून साईप्रिया कापी करत होती. सभेची रीत अशी की शिष्य वाजवतो, मग चिटणीस गुरूला विचारतात, "नादाची खात्री देता का?" गुरूनं "देतो" म्हणायचं, मग समिती बोलते.

हरिणीनं गिटार मांडीवर घेतलं. मला वाकून नमस्कार केला. उठताना तिच्या अंगठ्यानं कळ वर सरकली. मी पाहिलं. तिनं मी पाहिलेलं पाहिलं.

बावीस वर्षांत या मुलीनं माझं एकही न ऐकलेलं मला आठवत नाही.

तिनं वीस मिनिटं वाजवलं. बोटांत चूक नव्हती. समिती सुरुवातीला पुढे झुकली, मग मागे टेकली. वेंकटराव जांभई गिळत होते. मला त्यांना काय ऐकू येतंय ते नेमकं माहीत होतं, मलाही तेच येत होतं.

तुकोजीराव म्हणाले, "बोटं उत्तम. पण टीचर, हे मऊ आहे हो. भिंतीपलीकडे कुणी वाजवतंय असं. आमच्या मंचावर हे शेवटच्या ओळीपर्यंत कसं जाणार?" मग रीतीप्रमाणे माझ्याकडे वळले. "नादाची खात्री देता का?"

कळ हरिणीच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर होती. मी एक शब्द बोलले असते तर तिनं ती खाली केली असती. तिनं माझ्याकडे पाहिलंच होतं, त्याच शब्दाची वाट बघत.

मी म्हणाले, "मी नाही देऊ शकत. मला हे नीट ऐकू येत नाही."

तुकोजीराव पुढे झुकले.

"मला ३,४०० कंपनांच्या वर काही ऐकू येत नाही, तुकोजीराव. मोजलं आहे. तुमचं मोजलंय का?"

"माझं? माझ्या कानांना काय झालंय?"

"काही झालं नसेल तर चांगलंच. हरिणी, मोबाइल दे. पाठ करून बसा. सगळे."

"टीचर, ही परीक्षा तिची आहे!"

"आता तुमची. वळा."

मी वर्गातल्या आवाजात बोलले असणार, कारण पाचही वळले. वेंकटरावांनी दोन हजारांना "बास" म्हटलं. एकाचं २,८००, एकाचं ३,१००, तिसऱ्यानं ४,००० पर्यंत ओढलं आणि विजयानं इकडेतिकडे पाहिलं. तुकोजीराव ३,०००.

"हे यंत्र खोटं आहे," ते म्हणाले.

"मीही असंच म्हटलं होतं."

तेवढ्यात साईप्रिया कापी घेऊन दारात आली, कपाळाला आठ्या घालून सासऱ्यांना म्हणाली, "मामा, हे काय चाललंय? ती किंकाळी बंद करा ना, चूल सोडून आले."

"कसली किंकाळी?" तुकोजीराव म्हणाले.

मोबाइल टेबलावर अजून वाजत होता. आठ हजारांवर. आम्ही सहा म्हातारे त्याच्याभोवती स्वस्थ बसलो होतो.

पहिले वेंकटराव हसले. दात नसल्यामुळे त्यांचं हसू फार वेळ चालतं. "म्हणून माझी सून टीव्हीवरून भांडते! तुकोजी, गेली दहा वर्षं आपण कुणाला पास केलं आणि कुणाला नापास, देवाला ठाऊक!"

तुकोजीराव हसले नाहीत. "चंद्रमती," ते म्हणाले. टीचर नाही म्हणाले. "माझ्या घरात बसवून आम्हाला बहिरे ठरवलंस."

"आधी स्वतःला ठरवलं."

ते खिडकीतून नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साईप्रिया, बस इथे. ऐक आणि सांग."

हरिणीनं तिला दोन्ही ऐकवले, एकच ओळ, कळ खाली करून आणि वर करून. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. तिला लपवायचं नव्हतं, एवढंच.

साईप्रियानं पहिल्याला मान मागे घेतली. दुसऱ्याला कापीचं तबक मांडीवर तसंच धरून बसली. ओळ संपल्यावर म्हणाली, "अजून वाजव ना."

तुकोजीरावांनी वही काढली. "आडीला, साडेचार वाजता. पहिली. ऊन असतं, माणसं नसतात. पटतंय का?"

"पटतं," हरिणी म्हणाली. 'बरं' नाही म्हणाली.

बसमध्ये तिला म्हटलं, "कळ वर केलीस."

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"नाही."

कावेरीचा पूल आला. मग मी तिला म्हटलं, दुसऱ्या ओळीत गांधार जरा घाईत लागला. तिनं मान्य केलं.

३ ऑगस्ट, रविवार

आधी निकाल. कार्तिकेयनं संध्याकाळी होसूरला नकार कळवला. स्वतः टाइप केला, हरिणीकडून वाचून घेतला. एक वर्ष. मी म्हटलं, एक वर्षानंतर पुन्हा मोजू. तो म्हणाला, "अम्मा, आज तरी नको."

साडेचारला मंडपात खरंच माणसं नव्हती. कावेरी दोन्ही काठ भरून, सगळे पायऱ्यांवर. नव्या नवऱ्या पिवळे दोरे बांधून घेत होत्या, डब्यांतून चिंचेचा भात, लिंबाचा भात निघत होता. हरिणीनं सुरुवात केली तेव्हा मंडपात अकरा डोकी होती, त्यांतली पाच समितीची. मग पायऱ्यांवरच्या बायका डबे घेऊन वर आल्या. भात खात उभ्या राहिल्या, मग बसल्या. पाचपर्यंत जागा उरली नाही. कुणी पंख्याखाली पळालं नाही. तुकोजीरावांनी साईप्रियाला शेजारी बसवून घेतलं होतं. दर थोड्या वेळानं तिच्याकडे वळून भुवया उंचवायचे, ती मान हलवायची.

मी शेवटच्या ओळीत बसले. आवाज तिथवर कसा पोचतो हे कुणीतरी बघायला हवं होतं. माझ्या कानांनी ते होणार नव्हतं, म्हणून मी माणसं पाहत होते.

मला शेजारच्या घरात कुणी वाजवतंय तसं येत होतं. मी ज्याला नाद म्हणते तो त्यात नव्हता. वेढा न् वेढा मी घातलेला, आणि माझ्यासाठी त्यात काही नाही. वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण वाटलं.

शेवटी हरिणीनं आलापात वरचा षड्ज घेतला आणि तिथेच सोडून दिला, हात तारेवरून उचलून. माझ्यापुरता तो स्वर लगेच विरला. मी टाळ्यांसाठी हात जुळवले. पण कुणी हललं नाही. शेजारी एक अनोळखी बाई होती, शेतावरून आलेली, पायांना चिखल. स्वराबरोबर तिचं बोट वर गेलं होतं, आणि ते अजून वरच होतं. तिच्या पुढची, त्यापुढची, सगळी मंडळी तशीच, एकाच दिशेला मान करून. भाताचा घास हातात तसाच.

मी हात खाली घेतले आणि मनगटावरचा सेकंदकाटा पाहिला.

मला ऐकू येणं थांबल्यावर सहा सेकंद झाले, तेव्हा त्या बाईचं बोट खाली आलं.